सुख, मार्गे लोहा

कन्याकुमारीहून काश्मीरला सायकलवर निघालेल्या माणसाच्या वाटेत लोहा येत नाही. तो बेंगळुरू, हैदराबाद, नागपूर करत ४४ नंबरच्या महामार्गानं सरळ वर निघून जातो. त्यामुळे लोह्यात लांब पल्ल्याचा सायकलवाला दिसला की दोनच शक्यता उरतात. एक तर तो तुळजापूरचं दर्शन उरकून नांदेडच्या गुरुद्वाऱ्याकडे चाललेला असतो, नाही तर मोबाइलमधल्या बाईनं त्याला जवळचा रस्ता दाखवलेला असतो.

तसं सरकारदरबारी आमचं वजन कमी नाही. तुळजापूरहून लातूर, नांदेड करत विदर्भात जाणारा ३६१ नंबरचा महामार्ग चौपदरी करायचं ठरलं तेव्हा कामाचे तुकडे पाडले. औसा ते चाकूर, चाकूर ते लोहा, लोहा ते वारंगा. एक टेंडर लोह्यात संपतं, दुसरं लोह्यात सुरू होतं, आणि मधल्या फटीत आम्ही राहतो. नांदेड तीसेक किलोमीटर, लातूर शंभराच्या आसपास. माणूस आजारी पडला की नांदेड, पोरगं अकरावीला गेलं की लातूर, आणि दोन्हीकडं पैसे संपले की लोहा, असा आमचा भूगोल आहे.

रस्ता रुंद झाला तसे सायकलवाले दिसू लागले. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांवर सोनेरी काचांचा चष्मा, अंगाला चिकटलेले कपडे, मागच्या चाकाला दोन्हीकडून पिशव्या. अशा माणसाला लोह्यात तीन प्रश्न ठरलेले आहेत. कुठून आलाव? कुठं चाललाव? कामून? पहिल्या दोन प्रश्नांना कुणीही उत्तर देतो. तिसऱ्याला पाटी लागते. सायकलच्या मागं ‘झाडे लावा’, ‘बेटी बचाओ’, नाही तर ‘व्यसन सोडा’ असं काही लिहिलेलं असलं की माणूस सुटला. त्याला चहा मिळतो, हार मिळतो, एखादा होऊ घातलेला नगरसेवक शेजारी उभा राहून फोटो काढून घेतो. मग ज्या हातानं तंबाखू मळणं चाललेलं असतं तोच हात वर करून सगळे ‘व्यसन सोडा’ला निरोप देतात.

पाटी जितकी मोठी तितकं माणसाला लांब जाता येतं. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी ‘भारत जोडो’ म्हणून कन्याकुमारीहून काश्मीरकडे शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर काढले. पाठीच्या दुखण्यानं बाबांना स्वतःला बसताही येत नव्हतं. ते गाडीत आडवे पडून सोबत गेले. एवढी पाटी असली की कुणी कामून विचारत नाही. देवाचं कारण असलं तरी विचारत नाही. नाशिकहून दरवर्षी पंढरपूरला सायकलवारी जाते. पंढरपूरहून पंजाबातल्या घुमानपर्यंतही नामदेव महाराजांच्या नावानं सायकली जाऊन आल्या. महाराज मूळचे आमच्या शेजारच्या नरसीचे, आणि ते तर पायी गेले होते. तेव्हा सायकलवर जाणारे आमच्या मते आरामातच गेले.

मागच्या हिवाळ्यात आलेल्या तरुणाकडं यातलं काहीच नव्हतं. ना पाटी, ना नवस.

वेळ अमावस्या तोंडावर आली होती. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात त्यानं सायकल भिंतीला टेकवली आणि चुरमुऱ्याचा सुशीला मागवला. सायकल नवीकोरी होती, चालवणारा मात्र बराच वापरलेला दिसत होता. पुण्यात संगणकाची नोकरी होती ती सोडून निघालोय म्हणाला. नोकरी सोडली म्हटल्यावर चार टेबलांवरची माणसं खुर्च्या ओढून जवळ आली. आमच्याकडं सरकारी नोकरी लागली तर पेढे वाटतात आणि सोडली तर वैद्याला बोलावतात.

“कामून?” हॉटेलमालकानं विचारलं.

“सुखाच्या शोधात.”

मालक विचारात पडला. “कोण सुखा? माळाकोळीचा का?”

तसं नाही, असं तरुणानं सांगितलं. सुख, आनंद, समाधान. मालकानं खांदे उडवून गल्ल्याकडं बघितलं. बाजूला बसलेला एक शेतकरी सहानुभूतीनं म्हणाला, “शेवटचं कुठं बगितलं होतं?” त्याची म्हैस आठवड्यापूर्वी सुटून गेली होती, त्यामुळे शोध म्हणजे काय ते त्याला ताजं होतं.

त्या पोराचं एक मला आवडलं. तो चिडला नाही. त्यानं मोबाइल काढला आणि जागतिक आनंद अहवाल म्हणून एक असतो ते समजावून सांगायला लागला. संयुक्त राष्ट्रांच्या आशीर्वादानं २०१२ पासून निघतो. प्रत्येक देशात साधारण हजारेक माणसांना एक प्रश्न विचारतात. हा प्रश्न कॅन्ट्रिल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६५ साली काढला होता.

“समजा एक शिडी आहे,” तो म्हणाला. “सगळ्यात खालची पायरी शून्य, सगळ्यात वरची दहा. दहा म्हणजे तुमच्यासाठी सगळ्यात चांगलं आयुष्य, शून्य म्हणजे सगळ्यात वाईट. तुम्ही आज कुठल्या पायरीवर उभे आहात?”

संयुक्त राष्ट्रांना आजवर एवढं लक्ष देऊन कुणी ऐकलं नसेल. मग प्रश्न सुरू झाले. शिडी भिताडाला लावलीय का झाडाला? लाकडाची का लोखंडाची? दहाव्या पायरीवर गेल्यावर पुढं कुठं जायचं? एका आडत दुकानाच्या मुनीमानं सांगितलं की तो पाचव्या पायरीवरच उभा राहील, कारण वरच्या पायरीवर गेलं की भावकीच्या डोळ्यांवर येतं. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, सातव्या वेतन आयोगानं मला सातव्या पायरीवर बसवलंय. एक जीपवाला म्हणाला, मी टपावर बसतो, मला शिडी खाली उतरायला लागते.

म्हैस हरवलेला शेतकरी बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, “ते समदं ऱ्हाऊ द्या. शिडी खाली धरलीय कोण?”

तरुण थबकला. मोबाइलवर बोट फिरवत खाली-खाली गेला आणि म्हणाला, “आहे. हेही विचारतात. अडचणीच्या वेळी धावून येईल असं तुमचं कुणी आहे का, असा प्रश्न आहे.”

“मग त्ये पहिलं इचारायचं. माणूस वर चढल्यावर इचारून काय उपेग?”

माझ्या मते त्या अहवालावर इतकी नेमकी टीका संयुक्त राष्ट्रांतही झाली नसेल.

मग निकाल आला. २०२५ च्या अहवालात १४७ देशांत भारताचा नंबर ११८ वा. पहिला फिनलंड, तोही सलग आठव्यांदा. पाकिस्तान आपल्या वर आहे हे ऐकल्यावर हॉटेलात जो गदारोळ झाला त्यावरून आपण ११८ वेच असणार, हे पटलं. पण खरा धक्का मुनीमाला बसला. भारताला दहापैकी गुण किती, तर ४.३८९. त्यानं ते कागदावर मांडलं, मधलं टिंब खोडलं आणि कागद वर करून सगळ्यांना दाखवला. चार हजार तीनशे एकोणनव्वद. बाजारात सोयाबीनचा भाव तेव्हा त्याच्याच आगंमागं खेळत होता.

एकदा किल्ली सापडल्यावर मग काय. आमचा सगळा तालुका, शेजारचा अहमदपूर, खाली लातूरपर्यंत खरिपात सोयाबीनवर उभा असतो. मुनीमाच्या मते त्या गोऱ्या लोकांनी उगाच हजार माणसं धरून प्रश्न विचारले, लातूरच्या बाजार समितीत फोन केला असता तरी चाललं असतं. फिनलंडला ७.७३६ म्हणजे तिकडं सोयाबीन सात हजार सातशेनं जात असणार. सरकारचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ होता, म्हणजे सरकारच्या हिशेबानं आपण पाचव्या पायरीच्या वर असायला पाहिजे. आपण चौथीवर आहोत. मधली पायरी कुणी खाल्ली, याची चौकशी व्हावी.

“२०२१ च्या आगस्टात,” गुरुजी म्हणाले, “लातूरला सोयाबीन दहा हजाराच्या वर गेलं होतं.”

सगळे क्षणभर गप्प झाले. म्हणजे त्या आठवड्यात आम्ही शिडीच्याही वर होतो. फिनलंड खाली कुठं तरी दिसत होतं. तेव्हा मात्र मोजायला कुणी आलं नाही.

“आगस्टात घरात सोयाबीन व्हतं कुणाच्या?” शेतकऱ्यानं विचारलं. नव्हतंच. सगळ्यांनी दिवाळीच्या आगंमागंच विकून टाकलं होतं, आणि नवं पीक आलं तेव्हा भाव पुन्हा निम्म्यावर. शिडीवर चढलेले दुसरेच कुणी होते.

एवढ्यात आमचे डॉक्टर आले. लोह्यात सायकल चालवणाऱ्या मंडळींचा एक गट आहे: एक डॉक्टर, एक औषध दुकानदार, एक कॉलेजातले प्राध्यापक आणि एक जण जो फक्त फोटोत असतो. पाहुणा आल्याची बातमी ग्रुपवर पडली होती. डॉक्टर पहाटे पाचला निघून माळाकोळीचा चढ चढून परत येतात. सुरुवातीला गावात गैरसमज झाला होता. डॉक्टरसारखा माणूस भल्या पहाटे तंग चड्डीत सायकल मारत सुटलेला दिसला की इमर्जन्सी असणार, म्हणून दोन-तीन नातेवाइकांचे फोन गेले. एका पेशंटनं तर बिल भरायला घाई केली, डॉक्टरनं गाडी विकली म्हणून.

डॉक्टर बाहेरगावी जाऊन ब्रेव्हे का काय म्हणतात तेही करून आलेत. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांच्या आत. एक कार्ड देतात, वाटेत ठरलेल्या ठिकाणी त्याच्यावर शिक्का घ्यायचा. तीनशेला वीस तास, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, पोचला म्हणजे झालं. आमच्या लोकांना यातलं सगळं समजलं, फक्त शेवटचं समजलं नाही: हे सगळं केल्यावर मेडल पाहिजे असेल तर त्याचे पैसे वेगळे.

डॉक्टरांचे वडील अण्णा त्या हॉटेलात रोज असतातच. त्यांनी उठून पाहुण्याच्या सायकलीभोवती एक फेरी मारली. हाताची बोटं दांडीवरून फिरवली, एक बोट खाली घालून सायकल उचलून बघितली. उचलली. अण्णांचा चेहरा उतरला.

“वजनच न्हाई.”

“कार्बन आहे, काका,” तरुण अभिमानानं म्हणाला.

“केवढ्याला?”

“दीड लाख.”

“स्टँड?”

स्टँड नव्हतं. कॅरिअर नव्हतं, मागच्या पिशव्या नुसत्या पट्ट्यांनी आवळलेल्या होत्या. मडगार्ड, चेनकव्हर, घंटी यांतलं काहीच नव्हतं. आणि बसायची सीट बघून अण्णा माघारी येऊन खुर्चीत बसले. दीड लाखात उभं राहायला स्टँड बी देत न्हाईत, हे वाक्य ते त्या दिवशी तीन-चारदा तरी बोलले, दर वेळी वेगळ्या माणसाकडं बघून.

अण्णांचा हा राग समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं. लग्नात तेव्हा जावयाला तीन वस्तू ठरलेल्या असायच्या. सायकल, घड्याळ, रेडिओ. अण्णांना ॲटलस मिळाली. काळी, चोवीस नंबरी, पुढं डायनामो. त्या सायकलला दोन्हीकडून दुधाचे कॅन बांधून त्यांनी रानातल्या वस्तीवरून लोह्यात पंचवीस-तीस वर्षं दूध घातलं. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात अशी बसायची की सायकल खांद्यावर आणि कॅन हातात. दोन कॅन लावले की सायकल सरळ ठेवायला जे बळ लागतं ते मनगटात येतं, आणि अण्णांचं मनगट आजही बघण्यासारखं आहे. त्या दुधावर त्यांनी पोराला शिकवलं, डोनेशनचं बघितलं, डॉक्टर केलं. कशासाठी? तर त्याला सायकल चालवायला लागू नये म्हणून. आमच्या तालुक्यानं निदान दोन पिढ्या सायकलवरून उतरण्यात घालवल्या. आधी सायकल मिळाल्याचं सुख झालं, मग लुना आली आणि सायकल सुटल्याचं सुख झालं, मग फटफटी, मग चारचाकी. आणि सगळं बरं चाललेलं असताना एक दिवस पोरगं चारचाकी दारात ठेवून पुन्हा सायकलवर बसलं, आणि तीही बिनास्टँडच्या.

“ल्योक डाक्टर झाला,” अण्णा म्हणतात, “आन् पुना माझ्याच धंद्यावर आला. दूध तेवढं न्हाई घालत.”

ॲटलसचं नाव निघालं म्हणून सांगतो. अण्णांच्या त्या कंपनीचा शेवटचा कारखाना, साहिबाबादचा, २०२० साली ३ जूनला बंद पडला. ३ जून हा जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रांनीच ठरवलेला, २०१८ साली. आनंदाच्या अहवालाला आशीर्वाद देणाऱ्यांनी एक दिवस सायकलीला दिला आणि दोन वर्षांत त्याच दिवशी देशातल्या दूधवाल्यांच्या सायकलीला कुलूप लागलं. अण्णांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

गुरुजींनी वातावरण सावरायला इतिहास काढला. १९२३ च्या १५ ऑक्टोबरला मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबातले सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, चीन. तेव्हा मोबाइलमधली बाई नव्हती, बऱ्याच ठिकाणी रस्तेच नव्हते. साधारण ७१,००० किलोमीटर करून १८ मार्च १९२८ ला परत आले. आले ते तिघेच: आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा. बाकीचे वाटेत गळाले. त्यातल्या एकाला तर अमेरिकाच आवडली, तो तिथंच राहिला.

“त्येलाच घावलं मग,” जीपवाला म्हणाला.

“साडेचार वर्षं,” शेतकरी बोटांवर मोजत होता. “शेती कोण बघितली?”

पारशी होते, शेती नव्हती, असं गुरुजींनी सांगितलं तेव्हा त्याचं समाधान झालं. मग गुरुजी अलीकडं आले. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिका पश्चिमेहून पूर्वेला सायकलवर पार केली, ४,८०० किलोमीटर, आळीपाळीनं, नऊ दिवसांच्या आत. २०१७ साली नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ तेच अंतर एकट्यानं, बारा दिवसांच्या आत गेले. अण्णा कान देऊन ऐकत होते. “समदे डाक्टरच कसे?” ते म्हणाले. “पेशंट कोण बगतंय मग ह्या राज्यात?” आमचे डॉक्टर तेव्हा टायरमधली हवा बघत होते.

पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली एकटी जगाला फेरी मारून आली, एकोणतीस हजार किलोमीटर, १५९ दिवसांत, वयाच्या विशीत. कॅनडात अस्वल मागं लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं. यावर हॉटेलात कुणी फारसं बोललं नाही. मालकानं फक्त एवढं विचारलं की तिच्या आईनं त्या दिवसांत काय केलं असेल. अहवालवाल्यांनी कधी आयांना शिडीवर चढवून बघावं.

दुपार कलायला लागली तशी तरुणानं पाण्याच्या बाटल्या भरल्या. आता कुठं, यावर हॉटेलात एकमत होत नव्हतं. मालकाचं म्हणणं, नांदेडला जा, गुरुद्वाऱ्यात लंगर आहे, जेवायला पैसे लागत नाहीत, सुखाचं मग बघू. गुरुजींचं म्हणणं, कंधारला जा, राष्ट्रकूटांचा किल्ला आणि जगत्तुंग समुद्र बघ. शेतकऱ्याचं म्हणणं, कुठंही जा पण वाटेत काळी, एका शिंगाची म्हैस दिसली तर फोन कर. शेवटी ठरलं ते माळेगाव. खंडोबाची जत्रा भरत होती आणि सगळा तालुका तिकडंच चालला होता. डॉक्टर सोबत निघाले. आम्ही जीपमध्ये मागं. अण्णा पुढच्या सीटवर, नजर दोन्ही सायकलींवर.

दहा-पंधरा किलोमीटर, पण रस्ता सारखा चढ-उतार. बालाघाटाचे फाटे आमच्यापर्यंत येऊन दमलेले आहेत, तरी सायकलवाल्याला दमवण्यापुरता जोर त्यांच्यात आहे. एका चढावर तरुण सगळ्यात हलक्या गिअरला आला होता. पाय भराभर फिरत होते आणि सायकल जागची हलते की नाही असं वाटत होतं. तेवढ्यात शाळा सुटलेल्या तीन मुली मागून आल्या. सरकार मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली देतं, त्यातल्या दिसत होत्या. दप्तर कॅरिअरच्या चापात, एकीच्या हँडलला डबा लटकलेला, एकीचा पाय पेडल खाली गेलं की टोकावरच टेकायचा. तिघी शेजारी-शेजारी, गप्पा चालू. उभं राहून चार-सहा पेडल मारली आणि त्याच्या पुढं गेल्या. शेवटची मागं वळून म्हणाली, “काका, हवा कमी हाय का?”

त्याचं वय असेल तीस-बत्तीस. तो जीपकडं बघून हसला, दिवसभरात पहिल्यांदाच मोकळा. नोकरी सोडली तेव्हा कुणी काका म्हटलं नव्हतं.

माळेगावची जत्रा ज्यानं बघितली नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि बघितली आहे त्याला सांगायची गरज नाही. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’, भंडाऱ्यानं पिवळं झालेलं सगळं: देवस्वारीची पालखी, माणसं, कुत्री, पोलिसांच्या टोप्या. कुस्त्या, लावण्या आणि लांबच लांब जनावरांचा बाजार. घोडे, उंट, गाढवं, बैल, शिकारी कुत्री. पाच-दहा हजारांच्या गाढवापासून लाखांच्या घोड्यापर्यंत माल एका नजरेत. इथं येणारा माणूस कुठल्याही चार किंवा दोन पायांच्या गोष्टीला पहिल्यांदा किंमत लावतो, मग नाव विचारतो.

दोन सायकली घोड्यांच्या ओळीत शिरल्या आणि लगेच रिंगण पडलं. डोकं झुकवून एक व्यापारी आला, मिशी भंडाऱ्यानं पिवळी. त्यानं सायकल मागून बघितली, पुढून बघितली, वाकून साखळीजवळ गेला.

“दात किती?”

डॉक्टरनं विज्ञानाचा माणूस म्हणून खरं उत्तर दिलं. पुढच्या मोठ्या चक्राला पन्नास, लहान्याला चौतीस.

“चौऱ्याऐंशी?” व्यापारी सरळ झाला. “घोड्याला चाळीस असतेत. घोडीला त्याच्याहून कमी. चौऱ्याऐंशी दाताची सुसर असंल ही.”

मग रीतसर चौकशी झाली. खातं काय? काही नाही. लाथ मारतं? नाही. रात्री ओरडतं? ब्रेक दाबला तर थोडं. बसतात किती? एकच. लीद?

“लीद नाही,” तरुण म्हणाला.

व्यापाऱ्यानं मान हलवली. खात नाही हे ठीक, पण लीद नाही म्हणजे रानाला काही उपयोग नाही. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, तरुणाचा हात धरला आणि रुमालाखाली झाकला. जनावराच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. बोटं धरायची, दाबायची, किती बोटं आणि कुठली ते ज्याचं त्याला कळतं, बाजूच्याला नाही. तरुणाला वाटलं माणूस प्रेमानं हात धरतोय. त्यानंही दाबला.

रिंगणातून आवाज उठला. व्यापाऱ्यानं रुमाल झटकला आणि मूठभर भंडारा सायकलीच्या हँडलवर उधळला. झाला सौदा.

“काय झाला?” डॉक्टरनं घाबरून विचारलं.

दोन गाढवं आणि वर अकराशे रुपये.

तरुणाचा चेहरा बघण्यासारखा होता. दीड लाखाची कार्बनची सायकल आणि समोर दोन गाढवं, एक मोठं आणि एक त्याच्या मागं लपलेलं लहान. लोक टाळ्या वाजवत होते. कुणी तरी लहान गाढवाची दोरी त्याच्या हातात दिलीसुद्धा. त्यानं घरी फोन लावला. आईला तो हेच सांगत होता की नाही आई, कुणी फसवलं नाही, दोन आहेत, हो, जिवंत, आणि सोसायटीच्या पार्किंगचं काय ते सेक्रेटरीला विचारून ठेव. सांगता सांगता त्याला असं हसू फुटलं की फोन डॉक्टरच्या हातात द्यावा लागला.

सौदा मोडायला मग अण्णा पुढं झाले. बाजाराचे नियम त्यांना माहीत, आणि व्यापारी त्यांना ओळखणारा निघाला. मला वाटलं, आता सायकल सुटणार. अण्णांनी रुमालाखाली हात घातला. डोळे मिटले. बराच वेळ दोघांची बोटं चालली होती, आणि रुमाल वर-खाली होत होता. तरुण आशेनं बघत होता.

अण्णांनी हात काढला तेव्हा ते घामाघूम झाले होते, पण चेहऱ्यावर तेज होतं.

“तिसऱ्याला तयार हाय,” ते तरुणाला म्हणाले. “त्याच्या फुडं सरकत न्हाई. मी लई ताणलं बाबा. तो मनतोय, स्टँड असतं तर पाच दिली असती.”